बूस्ट गेला कुठे? एका गाडीच्या निमित्ताने ट्रबलशूटिंगबद्दल

मागच्या पोस्टखाली दोघातिघांनी विचारलं होतं की पीएचडीला येण्याआधी नेमकं काय शिकून यावं. पायथॉन शिका, पेपर वाचायची सवय लावा, हे सगळे सांगतातच. मी आज एका गाडीबद्दल लिहिणार आहे. गाडीत रस नसला तरी वाचा, कारण यातली निम्मी गोष्ट माझ्या लॅबची आहे.

तर झालं असं. इथे शेफील्डला माझ्या ऑफिसात समोरच्या टेबलावर एक वेल्सचा मुलगा बसतो. थीसिस लिहितोय, स्कॉलरशिप संपत आलीये आणि वडील आजारी म्हणून दर शनिवारी गाडी घेऊन घरी जातो. गाडी म्हणजे २००५ ची मिनी कूपर एस. या पिढीला गाडीवाले आर-५३ म्हणतात. १.६ लिटरचं इंजिन क्रायसलर आणि बीएमडब्ल्यू यांच्या भागीदारीतल्या ब्राझीलच्या कारखान्यातलं, गाडी जोडली ऑक्सफर्डला, आणि इंजिनावर अमेरिकन ईटन कंपनीचा एम-४५ सुपरचार्जर. आधीच्या मालकाने त्यावर हौस केली होती: सुपरचार्जरची पुली १५ टक्के लहान, वेगळा एक्झॉस्ट, डॅशबोर्डवर बूस्टचं गेज.

तक्रारी दोन होत्या. एक, चढावर गाडी दम टाकते. शेफील्डहून पश्चिमेला जाताना स्नेक पास नावाचा घाटरस्ता लागतो, तिथे पूर्वीसारखा जोर लागत नाही आणि गेजवर काटा जिथे जायचा तिथे जात नाही. दुसरी, सिग्नलला उभं राहिलं की आयडलिंग वरखाली होतं. ७५० च्या आसपास स्थिर राहायला हवं, ते ६०० ते १००० मध्ये झोके घेतं, आणि दोनदा तर चौकात इंजिन बंदच पडलं.

एका गॅरेजवाल्याने गाडी बघून निकाल दिला की सुपरचार्जर संपलाय. नवीन बसवायचा खर्च हजार पौंडांच्या वर. स्कॉलरशिपवर जगणाऱ्या माणसाकडे हजार पौंड नसतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याने त्याआधी स्वतः बरंच काही बदललं होतं: बेल्ट, स्पार्क प्लग, एअर फिल्टर. सगळं एकाच रविवारी. गाडीत काडीचाही फरक नाही.

मी भौतिकशास्त्राचा. इंजिन खोलता येत नाही, पण दाब मोजण्यावर माझं पोट चालतं. म्हणून म्हटलं, आधी ही हवा जाते कशी ते मला समजावून सांग.

तुम्हालाही ते समजायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हवा फिल्टरमधून आत येते, मग थ्रॉटल, मग सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर. ते इंजिनाच्या क्रँकवरून बेल्टने फिरतात आणि प्रत्येक फेऱ्यात ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलतात. तिथून हवा इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मॅनिफोल्डमधून इंजिनात जाते. यात एक आडवाट आहे, बायपास व्हॉल्व्ह. सुपरचार्जरच्या पुढची हवा परत मागे आणणारी ती खिडकीच. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतं, इंजिन हवा ओढतं आणि मॅनिफोल्डमध्ये दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. हा ओढा एका बारीक नळीतून बायपासच्या डबीला मिळतो आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो, म्हणजे सुपरचार्जर नुसता गोल गोल हवा फिरवतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढा जातो, स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते आणि दाब चढायला लागतो.

आता थोडं गणित. १.६ लिटरचं फोरस्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात ०.८ लिटर हवा घेतं. एम-४५ मधला ४५ हा आकडा घनइंचांचा, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ०.७४ लिटर. तो क्रँकच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या फेऱ्यामागे १.४८ लिटर हवा ढकलतो. ०.८ लिटरच्या जागेत १.४८ लिटर कोंबायची म्हटल्यावर दाब चढणारच. गळती, रोटरमधल्या फटी आणि हवा तापणं हे सगळं धरून कंपनीच्या गाडीत साधारण ०.८ बार बूस्ट मिळतो. पुली १५ टक्के लहान केली की वेग १५ टक्क्यांनी नाही, १ भागिले ०.८५ म्हणजे जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. (ही चूक मी एम.एस्सी. झालेल्या लोकांनाही करताना पाहिलंय.) म्हणजे या गाडीत १ बारच्या आसपास बूस्ट दिसायला हवा.

हे गणित मी मुद्दाम केलं. "बूस्ट कमी आहे" हे वाक्य अपुरं आहे. कशापेक्षा कमी? गॅरेजवाल्याने विचारलं नव्हतं, मित्राने विचारलं नव्हतं. गेजवर ०.७ दिसतंय एवढंच माहीत होतं, किती दिसायला हवं हे कुणीच कागदावर लिहिलं नव्हतं. शिवाय अशा सुपरचार्जरमध्ये घनफळांचं गुणोत्तर ठरलेलं असतं, त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला तर बूस्ट थोडाफार वाढायला किंवा टिकायला हवा, पडायला नको. ही अपेक्षा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आम्ही संशयितांची यादी केली, पण दोन्ही तक्रारींना समोर ठेवून. इंटरकूलरच्या रबरी बूटात गळती असेल तर काय होईल? उभ्या गाडीत हवा आत शिरेल, जोरात पळताना तीच हवा बाहेर जाईल. एकाच भोकाने दोन्ही लक्षणं. बेल्ट घसरत असेल तर बूस्ट वरच्या वेगाला पडेल, पण आयडलिंगला काहीही होणार नाही. बायपास अर्धवट उघडा अडकला असेल तर बूस्ट सगळीकडेच कमी, आयडलिंग मात्र ठीक, कारण तेव्हा तो उघडाच असायला हवा. फिल्टर चोंदला असेल तर वरच्या वेगाला बूस्ट पडेल, पण मग थ्रॉटल आणि सुपरचार्जरच्या मध्ये जो दुसरा प्रेशर सेन्सर आहे, त्यावरही दाब खाली आलेला दिसेल. आणि सुपरचार्जरच संपला असेल, रोटर झिजले असतील, तर खालच्या वेगाला परिणाम जास्त दिसायला हवा, कारण हळू फिरताना फटींतून मागे जायला हवेला वेळ जास्त मिळतो.

बघा, अजून पाना हातात घेतलेला नाही आणि गॅरेजवाल्याचा निदान तपासायचा रस्ता सापडलाय. प्रत्येक संशयित वेगळं काहीतरी भाकीत करतो. दोन गृहीतकं सारखंच भाकीत करत असतील तर त्या प्रयोगाचा काही उपयोग नाही, मग तो कितीही नीट केलेला असो.

एका भोकाने दोन्ही लक्षणं, हे उत्तर इतकं सुंदर होतं की आम्ही दोघेही त्याच्या प्रेमात पडलो. मित्र म्हणाला, पण गॅरेजने स्मोक टेस्ट केलीये, कुठेही गळती नाही. स्मोक टेस्ट म्हणजे थोड्या दाबाने धूर आत सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. कागदावर लिहून दिलं होतं: उत्तीर्ण. आम्ही ती शक्यता खोडली. ही आमची चूक होती, पण ती कळायला अजून दोन आठवडे होते.

पुढचा टप्पा आकड्यांचा. एक स्वस्तातला ओबीडी अडॅप्टर घेतला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला मॅनिफोल्डचा जो दाब दिसतो तो फोनवर नोंदवायला सुरुवात केली. इथे एक खाचखळगा आहे. डॅशबोर्डवरचं गेज वातावरणाच्या वर किती दाब आहे ते दाखवतं, तर कॉम्प्युटर एकूण दाब मोजतो. दुसऱ्यातून वातावरणाचा दाब वजा करावा लागतो. मित्र डोळे मिटून १०१.३ किलोपास्कल वजा करत होता. पुस्तकातला आकडा तो, त्या दिवशीचा नव्हे. पुण्यात हवामान कितीही चांगलं असलं तरी हा दाब ९५ च्या आसपासच असतो, उंचीमुळे. मग करायचं काय? सोपं आहे. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवायची. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये वातावरणाचाच दाब असतो, म्हणजे सेन्सर जे दाखवेल ते आजचं शून्य. प्रत्येक लॉगआधी आम्ही हे करायला लागलो. दहा सेकंदांचं काम.

रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून प्रयोग करायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून रोलिंग रोडवर तासाभराची वेळ घेतली. तिथे आलेले आकडे बघून मी चाटच पडलो. गेज आणि कॉम्प्युटर एकमेकांशी सहमत नव्हते. ४५०० फेऱ्यांना कॉम्प्युटर म्हणत होता १ बार, गेज म्हणत होतं ०.७. उभ्या गाडीत कॉम्प्युटर म्हणत होता वातावरणाच्या खाली ०.६, गेज म्हणत होतं ०.४.

जरा थांबा आणि या चार आकड्यांकडे नीट बघा. गेजचं शून्य सरकलं असतं तर चूक दोन्हीकडे एकाच दिशेने दिसली असती. इथे ते दाबाच्या बाजूलाही शून्याकडे ओढलंय आणि ओढ्याच्या बाजूलाही शून्याकडे. असं कधी होईल? गेजच्या नळीतच भोक असेल तेव्हा. मॅनिफोल्डमधून बारीक नळीने येणारा दाब वाटेत थोडा वातावरणात मिसळतो, आणि गेजला दोहोंच्या मधलं काहीतरी दिसतं.

नळी हाताने चाचपत गेलो. आधीच्या मालकाने गेज बसवताना त्याची नळी कुठे जोडली होती? बायपास व्हॉल्व्हला ओढा देणाऱ्या त्याच बारीक नळीत, प्लॅस्टिकचा टी-जोड घालून. त्या जोडाखाली, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे, रबर फाटलं होतं.

म्हणजे मोजायला बसवलेल्या यंत्रानेच बिघाड केला होता. फाटक्या नळीमुळे बायपासच्या डबीला पूर्ण ओढा मिळत नव्हता. व्हॉल्व्ह धड उघडा नाही, धड बंद नाही. तो जरा मिटला की सुपरचार्जर मॅनिफोल्डमध्ये हवा भरतो, इंजिनाचा वेग वाढतो, कॉम्प्युटर थ्रॉटल मिटवतो, ओढा वाढतो, व्हॉल्व्ह परत उघडतो, वेग पडतो, कॉम्प्युटर थ्रॉटल उघडतो. प्रत्येक पायरीला थोडा उशीर. उशीर असलेला फीडबॅक झोके घेतो, हे आपण बी.एस्सी.च्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकलेलो असतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

आणि स्मोक टेस्ट? मित्राने गॅरेजला फोन करून विचारलं की धूर कुठून सोडला होता. उत्तर: मॅनिफोल्डवरची एक बारीक नळी काढून, तिच्या तोंडातून. कोणती नळी ते ओळखलंच असेल तुम्ही. संशयित नळी बाजूला काढून ठेवून उरलेल्या सगळ्याची तपासणी केली होती आणि निकाल खराच होता: उरलेल्यात कुठेही गळती नव्हती. तेव्हापासून कुणी "टेस्ट केली, निगेटिव्ह आली" म्हटलं की मी विचारतो, टेस्ट कशी केली आणि त्या टेस्टला काय दिसूच शकत नव्हतं.

(एक बाजूची गोष्ट. गळती असली की मिश्रण पातळ होतं, म्हणून इंधनाच्या ट्रिमचा आकडा बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो सल्ला एअरफ्लो मीटर असलेल्या गाड्यांचा. तिथे मीटरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आर-५३ मध्ये तो मीटर नाही, ती मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा हिशोब करते. गळतीने दाब वाढला तर कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंधनही वाढवतो, आणि ट्रिम बरीचशी शांत राहते. मित्राने ट्रिम बघून "गळती नाही" असं ठरवलं होतं. दुसऱ्याच्या यंत्रावरचा नियम आपल्या यंत्राला लावला होता.)

टी-जोड काढला, दोन पौंडांची नवीन अखंड नळी घातली. आयडलिंग ७५० वर सुतासारखं सरळ. मित्राने मला मिठी मारली. मी म्हटलं, आता जुनी फाटकी नळी परत लाव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण लावली. झोके परत सुरू. काढली, थांबले. हे दोनदा केलं. नवी नळी घालताना आणखी काहीतरी हललं असेल, एखादा कनेक्टर नीट बसला असेल, ही शंका फक्त अशीच जाते. बिघाड मुद्दाम परत आणता आला तरच तो आपल्याला समजला, असं माझे गाईड म्हणतात. मला हे वाक्य महाग पडलेलं आहे, त्याबद्दल खाली.

आता गंमत अशी की गाडी चढावर अजूनही दमत होती.

आमच्या डोक्यात "एक कारण, दोन लक्षणं" इतकं पक्कं बसलं होतं की नळी बदलल्यावर दुसरा लॉग नीट बघितलाच नाही. ऑकमचा वस्तरा आपल्याला सगळ्यांना आवडतो: कमीत कमी कारणांत काम भागवा. डॉक्टर लोकांमध्ये याच्या उलट एक म्हणणं आहे, अमेरिकन डॉक्टर जॉन हिकम यांच्या नावाने ओळखलं जाणारं. रोग्याला एका वेळी हवे तितके आजार होऊ शकतात, असा त्याचा मथितार्थ. वीस वर्षांच्या जुन्या गाडीला तर नक्कीच.

लॉगमध्ये उत्तर पहिल्या दिवसापासून होतं. कॉम्प्युटरचा दाब ४५०० पर्यंत अपेक्षेप्रमाणे १ बार, आणि तिथून पुढे पडत पडत ६५०० ला ०.७. वर म्हटलं होतं ना, पडायला नको. खालच्या वेगाला सगळं ठीक, म्हणजे रोटर झिजलेले नाहीत. हजार पौंडांचा निकाल इथेच निकालात निघाला. सुपरचार्जरच्या आधीचा सेन्सर शांत, म्हणजे फिल्टर नाही. उरलं घसरणं. पण बेल्ट नवा, आखूड पुलीला लागतो तसा थोडा कमी लांबीचा, ताण बरोबर. बेल्ट घसरला असता तर रबराची काळी पूड पडली असती, पट्ट्याला चकाकी आली असती. काहीच नव्हतं.

बेल्ट घसरत नाही, तरी काहीतरी घसरतंय. मग बेल्टला फिरवणारं चाकच घसरत असेल का? या इंजिनाच्या क्रँकची पुली दोन भागांची असते. आत लोखंडी हब, बाहेर कडं, आणि मध्ये कंपनं शोषणारा रबराचा थर. यालाच डॅम्पर म्हणतात. या गाड्यांमध्ये ते रबर जुनं झालं की सुटतं, हे माहितीतलं दुखणं आहे. हळू चालवताना कडं हबबरोबर फिरतं, पण लहान पुलीमुळे सुपरचार्जर फिरवायला जास्त जोर लागतो, आणि भर वेगात कडं जागच्या जागी सरकतं.

याचा प्रयोग मला आजवरच्या सगळ्या प्रयोगांत सगळ्यात आवडतो. चाक काढलं, हब आणि कडं दोन्हींवरून जाणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली, बेल्टखाली येणार नाही अशा बाजूला. रेघ वाळू दिली. मित्र शनिवारी घरी जाऊन आला. रविवारी बघितलं तर रेघेचे दोन तुकडे, मध्ये जवळजवळ पाव फेऱ्याचं अंतर. खर्च: नेलपॉलिशची अर्धी बाटली, तीही मैत्रिणीची.

हे कडं पुढे पूर्ण सुटलं असतं तर बेल्ट गेला असता, आणि या गाडीत पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्याच मागच्या बाजूने फिरतो. म्हणजे स्नेक पासवर, पावसात, इंजिन तापून उभं. नवीन डॅम्पर बसवून घेतला. शेवटच्या लॉगमध्ये ६००० च्या पुढेही १.०५ बार.

एक इशारा मात्र देतो, कारण बूस्ट वाढला म्हणून मित्र फारच खूश होता. बूस्ट म्हणजे इंजिनात गेलेली हवा नव्हे. सुपरचार्जरने ढकललेली पण इंजिनाने अजून न गिळलेली हवा जो अडथळा अनुभवते, त्याचं ते माप. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तरी बूस्ट वाढलेला दिसेल आणि ताकद कमी होईल. उलट कुणी सिलिंडर हेडमधले मार्ग मोकळे केले तर बूस्ट पडेल आणि गाडी जास्त पळेल. जो आकडा मोजायला सोपा असतो तोच आपल्याला हवा असलेला आकडा आहे, असं समजायची आपल्याला खोडच असते.

आता माझी गोष्ट, थोडक्यात, कारण ती लिहितानाही लाज वाटते. मी निर्वात चेंबरमध्ये धातूंचे पातळ थर बनवतो. मागच्या हिवाळ्यात चेंबरचा दाब हवा तितका खाली जाईना. मी घाईत ओ-रिंग बदलली, पंपाचं तेल बदललं, गेज साफ केलं, सगळं एकाच दुपारी. दाब खाली आला. मी नोंदवहीत लिहिलं, "दुरुस्त." महिन्याभराने दुखणं परत आलं, आणि तीनपैकी कशामुळे बरं झालं होतं ते मला माहीत नव्हतं. त्या महिन्यातले नमुने स्वच्छ होते की नाही, तेही सांगता येईना. सहा आठवड्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं, त्यात एका कॉन्फरन्सला पाठवलेला निकालही होता, तो मागे घेतला. मित्राचा एका रविवारचा बेल्ट-प्लग-फिल्टर आणि माझी ती दुपार यात काही फरक नाही.

मिनीच्या नळीनंतर मी चेंबरकडे परत गेलो. गळती शोधायचं आमचं यंत्र कोणत्या फ्लँजला जोडलं जातं ते बघितलं. दर वेळी ते जोडण्यासाठी आम्ही एक गेज काढतो आणि त्याच तोंडाला यंत्र लावतो. म्हणजे त्या गेजचा जोड आजवर एकदाही तपासला गेलेला नाही. सोमवारी दुसऱ्या फ्लँजवरून जोडणार आहे, हेलियमची बाटली सांगून ठेवलीये.